काय राखावे, काय टाकावे : मूत्रपिंडे आणि मूत्रसंस्था

बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याच्या शेजारी चामराजपेट ही वस्ती आहे. १८९२ साली नीट आखणी करून ती वसविण्यात आली. येथील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर १९३९ पासून श्रीरामसेवा मंडळीतर्फे रामनवमीचा संगीतोत्सव भरत आला आहे. रामनवमी चैत्रातली, ऊन तापू लागलेले असते. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी येणाऱ्याजाणाऱ्यांस गूळ, सुंठ व वेलदोडा घातलेले पानक, मीठ घातलेले पातळ ताक आणि भिजविलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी वाटण्याची चाल आहे. कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीरच होय.

अशा दिवशी दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. एकजण मांडवात बसून गाणे ऐकतो; त्याने तीन पेले पानक व दोन पेले ताक घेतले आहे. दुसरा जवळच्या बाजारात सकाळपासून ओझी वाहतो आहे. त्याचा सदरा घामाने भिजला आहे आणि पाणी पिण्यास त्याला फारशी उसंत मिळालेली नाही. एकाच्या पोटात भरपूर पाणी, साखर व मीठ गेले. दुसऱ्याच्या अंगातून पाणी व मीठ निघून गेले. तरीही सायंकाळी दोघांचे रक्त तपासले, तर सोडियम या क्षाराचे प्रमाण दोघांतही दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद मर्यादेतच सापडेल. फरक दिसेल तो त्यांच्या मूत्रात. पहिल्याचे मूत्र पुष्कळ व पाण्यासारखे फिके असेल, दुसऱ्याचे थोडे व गडद पिवळे.

रक्त स्थिर राहावे म्हणून मूत्र बदलते. मूत्रसंस्थेचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे. मूत्रपिंडे म्हणजे शरीरातील केरकचरा बाहेर टाकणारी इंद्रिये, एवढेच आपण बहुधा ऐकलेले असते. ते खोटे नाही; परंतु ते अर्धेच आहे. टाकण्यापेक्षा राखण्याचे काम ती अधिक करतात. ते कसे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

स्थान व रचना

मूत्रपिंडे दोन असतात. प्राचीन वैद्यकात त्यांस वृक्क म्हणत. कमरेच्या किंचित वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, उदराच्या मागील भिंतीला टेकून ती बसविलेली आहेत. शेवटच्या दोन बरगड्यांचे त्यांना अंशतः संरक्षण मिळते. उजव्या बाजूस यकृताचा मोठा पिंड असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडे खाली असते. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, म्हणजे साधारणतः आपल्या मुठीएवढी. एकेकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम भरते.

मूत्रपिंड उभे चिरले असता त्यात दोन थर स्पष्ट दिसतात. बाहेरचा थर फिकट व कणीदार असतो; त्यास बाह्यक म्हणतात. आतला थर गडद रंगाचा व रेघारेघांचा असून त्यास मध्यक असे नाव आहे. मध्यकाची रचना शंकूसारख्या तुकड्यांची असते. त्या शंकूंच्या टोकांतून ठिबकणारे मूत्र मध्यभागी असलेल्या नरसाळ्यासारख्या पोकळीत जमते. या पोकळीस वृक्कद्रोणी म्हणतात. येथूनच मूत्रवाहिनी खाली उतरते.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून शरीराच्या वजनाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी भरते. पण हृदय दर मिनिटास जेवढे रक्त बाहेर ढकलते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे एक लिटरहून अधिक रक्त, या दोन लहान पिंडांकडे जाते. पिंडांच्या स्वतःच्या पोषणास एवढ्या रक्ताची मुळीच गरज नसते. ते येते ते शुद्ध होण्यासाठी.

गाळणी

इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मूत्रपिंडाची पाहणी केली आणि त्यातील बारीक, गोल गाठींचे वर्णन १६६६ साली प्रसिद्ध केले. १८४२ साली विल्यम बोमन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अशी प्रत्येक गाठ म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असून तो पेल्यासारख्या एका संपुटात बसविलेला असतो, आणि त्या संपुटापासून एक नलिका निघते. गुच्छ, संपुट व नलिका मिळून जे एकक बनते, त्यास नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरीने दहा लाख नेफ्रॉन असतात. माणूस जन्मतो तेव्हा ते जितके असतात तितकेच; पुढे नवे निर्माण होत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

गाळण्यासाठी दाब लागतो. बंगळुरू शहराचेच उदाहरण घ्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे जवळपास मोठी नदी नाही. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर वर चढवून आणले जाते. त्यासाठी मोठमोठे पंप लागतात. मूत्रपिंडात असा निराळा पंप नाही. हृदयाने निर्माण केलेल्या रक्तदाबावरच त्याचे काम चालते. त्यासाठी एक खास योजना आहे. गुच्छातून बाहेर पडणारी रक्तवाहिनी आत येणाऱ्या वाहिनीपेक्षा सामान्यतः अरुंद असते. त्यामुळे गुच्छात रक्त तुंबून दाब टिकतो आणि रक्तातील पाणी व त्यात विरघळलेले लहान रेणू भिंतीतून संपुटात झिरपतात. रक्तपेशी व प्रथिनांचे मोठे रेणू मागे राहतात.

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दर मिनिटास सुमारे १२५ मिलिलिटर द्रव याप्रमाणे गाळला जातो. दिवसाचा हिशेब केला तर तो १८० लिटर होतो. आपल्या रक्तातील द्रव भाग अवघा तीन लिटरांच्या आसपास असतो. म्हणजे तोच द्रव दिवसातून सुमारे साठ वेळा गाळणीतून जातो.

परत घेण्याची क्रिया

परंतु कोणीही दिवसाला १८० लिटर मूत्र विसर्जित करीत नाही. प्रत्यक्षात बाहेर पडते ते एक ते दोन लिटर. उरलेला सारा द्रव, म्हणजे शंभरातील नव्व्याण्णव भाग, नलिकेतून वाहत असता पुन्हा रक्तात ओढून घेतला जातो. या क्रियेस पुनःशोषण म्हणतात.

एका दिवसात गाळल्या जाणाऱ्या द्रवातील सोडियम मिठाच्या मापाने सांगावयाचे तर ते एक किलोहूनही अधिक भरेल. त्यातले पाच-दहा ग्रॅम मीठ मूत्रावाटे जाते. बाकीचे परत मिळते. ग्लुकोज नावाची साखर दिवसाला सुमारे १८० ग्रॅम गाळली जाते आणि निरोगी माणसात जवळजवळ सर्वच्या सर्व परत घेतली जाते. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, म्हणजे मात्र नलिकांची शक्ती अपुरी पडू लागते आणि साखर मूत्रात उतरते. मधुमेह हे नाव याच लक्षणावरून पडले.

येथे एक शंका साहजिकच मनात येते. शंभर भाग गाळावयाचे आणि नव्व्याण्णव परत घ्यावयाचे, हा खटाटोप कशासाठी? नको तेवढेच निवडून टाकले असते तर काय बिघडले असते?

घर झाडण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत घरात हिंडून टाकाऊ वस्तू शोधावयाची आणि बाहेर न्यावयाची. अशा वेळी जी वस्तू आपण ओळखत नाही ती घरातच राहून जाते. दुसऱ्या तऱ्हेत घरातील सर्व सामान ओसरीवर काढावयाचे आणि हवे तेवढेच मोजून आत घ्यावयाचे. यात नको असलेली वस्तू ओळखण्याची गरजच उरत नाही. जी आत घेतली नाही ती आपोआप गेली. मूत्रपिंडांनी मुख्यतः दुसरी तऱ्हा पत्करली आहे. प्रथिनांच्या विघटनातून होणारा यूरिया घ्या, किंवा पूर्वी कधी शरीरात न आलेल्या औषधाचा रेणू घ्या. नलिकेने परत घेतला नाही, तर तो बाहेर जातो. याखेरीज काही आम्ले व काही औषधे नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून आपण होऊन मूत्रात सोडतात. पण मुख्य पद्धत परत घेण्याचीच.

पाण्याचा हिशेब

आता आपल्या दोन माणसांकडे पुन्हा वळू. हमालाच्या रक्तातील पाणी घामामुळे कमी झाले की त्याची जाणीव मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशींना होते. रक्ताच्या दाटपणात शेकडा एक-दोन इतका फरक पडला तरी त्यांना तो कळतो. मग पोषग्रंथीतून मूत्ररोधक संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडात पोहोचले की नलिकांच्या शेवटच्या भागातील पाण्याच्या वाटा उघडतात आणि पाणी परत आत ओढले जाते. त्याच वेळी तहानही लागते. पानक व ताक पिऊन बसलेल्या श्रोत्याच्या शरीरात हे संप्रेरक कमी होते, त्या वाटा मिटतात आणि जादा पाणी निघून जाते.

पाणी ओढून घेण्यास ओढणारी शक्ती हवी. ती मध्यकात आहे. नेफ्रॉनची नलिका बाह्यकातून मध्यकात उतरते आणि केसात खोचावयाच्या आकड्याप्रमाणे वळून पुन्हा वर येते. या वळणाच्या कार्यामुळे मध्यकाच्या खोल भागात क्षारांचे प्रमाण रक्तापेक्षा सुमारे चौपट होते. कैरीला मीठ लावून ठेवले असता तिला पाणी सुटते, हे घरोघरी पाहिलेले आहे. क्षार जेथे अधिक तेथे पाणी धावते. त्याच नियमाने नलिकेतील पाणी या खारट प्रदेशाकडे जाते. मात्र माणसाचे मूत्र रक्ताच्या चौपटीहून फारसे दाट होऊ शकत नाही. दिवसभराची टाकाऊ द्रव्ये बाहेर नेण्यास किमान अर्धा लिटर मूत्र व्हावेच लागते. समुद्राच्या पाण्यातील मिठाचे प्रमाण मूत्रावाटे बाहेर टाकता येणाऱ्या मिठाच्या प्रमाणाहून अधिक असते. म्हणून ते प्यालेला माणूस तहान भागण्याऐवजी अधिकच कोरडा पडतो.

याशिवाय आणखी काही कामे मूत्रपिंडांकडे आहेत. रक्तातील आम्लाचे प्रमाण ती सांभाळतात. रक्तदाब घसरला की रेनिन नावाचे द्रव्य सोडून तो सावरतात. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनविण्याची सूचना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यत्वे तेथेच तयार होते आणि ड जीवनसत्त्वाला त्याचे कार्यक्षम रूपही मुख्यतः तेथेच मिळते. म्हणून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास पंडुरोग होतो व त्याची हाडेही दुबळी होतात.

मूत्राचा मार्ग

वृक्कद्रोणीतून निघणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या २५ ते ३० सेंटिमीटर लांब असतात. त्यांतून मूत्र केवळ उतारामुळे वाहत नाही. वाहिनीच्या भिंतीतील स्नायू लाटेप्रमाणे आकुंचन पावतात आणि मूत्राचा थेंबथेंब पुढे ढकलतात. म्हणूनच आडवे झोपलेल्या माणसाचेही मूत्र मूत्राशयात पोहोचते. एखादा मुतखडा या अरुंद वाटेत अडकला, तर हेच स्नायू त्याच्यावर जोर करतात आणि कमरेपासून जांघेपर्यंत असह्य कळा येतात.

मूत्राशय ही स्नायूंची लवचीक पिशवी होय. तिच्यात सुमारे दोनशे मिलिलिटर मूत्र जमले की पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेपर्यंत ती भरू शकते. मूत्रवाहिन्या तिच्या भिंतीतून तिरप्या शिरतात. त्यामुळे पिशवी आकसताना त्यांची तोंडे दाबली जातात व मूत्र उलटे वर चढत नाही. मूत्रमार्ग पुरुषात सुमारे वीस सेंटिमीटर, तर स्त्रीत अवघा चार सेंटिमीटर लांब असतो. स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अधिक वेळा होतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच. शाळेत स्वच्छ मुतारी नसली की मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि लघवी दाबून धरतात. यामुळे हा धोका वाढतो. हा प्रश्न केवळ सोयीचा नसून आरोग्याचा आहे.

मूक इंद्रिय

मूत्रपिंडांचा मोठा गुण हाच त्यांच्या बाबतीतला मोठा धोकाही आहे. त्यांच्यात शक्ती इतकी शिल्लक असते की एक मूत्रपिंड काढून टाकले तरी निरोगी माणूस चांगला जगतो. नेफ्रॉन नष्ट होऊ लागले की राहिलेले नेफ्रॉन अधिक काम उचलतात. त्यामुळे निम्मी शक्ती गेली तरी दुखत नाही, खुपत नाही. लघवीही नेहमीसारखीच होते. पायावर सूज, धाप, मळमळ, अंगाला खाज अशी लक्षणे दिसू लागतात तोवर बहुतेक नेफ्रॉन कायमचे गेलेले असतात. आणि नवे नेफ्रॉन तर निर्माण होत नाहीत.

या हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाची प्रमुख कारणे दोन : मधुमेह व उच्च रक्तदाब. जी गाळणी दाबावर चालते तीच अतिदाबाने झिजते. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ मनानेच घेत राहणे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि मुतखड्याने अडलेला मार्ग यांमुळेही हानी होते. मात्र ती वेळीच ओळखण्याचे उपाय साधे आहेत. गाळणी फाटू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात उतरते. ते मूत्राच्या तपासणीत कळते. क्रिएटिनीन हे स्नायूंतून येणारे द्रव्य रक्तात वाढले, तर गाळण्याचा वेग मंदावला असे समजावे. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करून घ्याव्यात.

मूत्रपिंडाची जागा कोण घेणार?

१९४३ साली जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन या गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. मांसाचे सारण भरावयास वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या लांब नळ्या त्याने एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळल्या. नळीत रोग्याचे रक्त आणि बाहेर क्षारांचे पाणी. रक्तातील यूरिया पातळ पडद्यातून पाण्यात जाई. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सर्वच दगावले. १९४५ साली ६७ वर्षे वयाची एक स्त्री या यंत्रामुळे बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षे जगली.

आज हेच तत्त्व वापरून डायालिसिस केले जाते. चामराजपेटपासून हाकेच्या अंतरावर व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. त्याची कोनशिला १८९७ साली बसविण्यात आली आणि १९०० साली ते रुग्णांसाठी खुले झाले. त्याच्याच आवारात मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या विकारांसाठी कर्नाटक शासनाची नेफ्रो-यूरॉलॉजी संस्था आहे. अशा ठिकाणी रुग्णाला सहसा आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडले जाते. एका खेपेत रक्तालगत फिरणारे शुद्ध पाणीच १२० लिटर लागते. एवढे करूनही आठवड्याच्या १६८ तासांपैकी अवघे १२ तास काम होते; मूत्रपिंडे मात्र अहोरात्र राबत असतात. शिवाय रुग्णाचा व त्याच्या सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी विनामूल्य सोय करण्यात येऊ लागली.

अधिक चांगला उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचे रोपण. १९५४ साली बॉस्टन येथे जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले आणि ते यशस्वी झाले. भारतात १९६५ साली मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण वाचला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात जिवंत दात्याकडून केलेले रोपण यशस्वी झाले. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी नव्हे, तर ओटीपोटात एका बाजूस बसवितात. जुनी सहसा तशीच ठेवतात.

ज्याला दोन आहेत तो एक देऊ शकतो, या गोष्टीचा गैरफायदाही घेतला गेला. गरजू माणसांकडून मूत्रपिंडे विकत घेण्याचे प्रकार घडले. म्हणून १९९४ साली मानवी अवयव रोपण कायदा झाला. त्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला आणि मेंदूचा मृत्यू हा कायद्याने मृत्यू मानला. मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने संमती दिली तर तिची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना यंत्रापासून सोडवू शकतात. कर्नाटकात हे काम ‘जीवसार्थकते’ ही शासकीय संस्था पाहते, तर महाराष्ट्रात विभागीय अवयव रोपण समन्वय केंद्रे आहेत.

आपल्या हाती काय आहे?

तहान मारू नये; मूत्र फिके पिवळे राहील इतके पाणी प्यावे. ज्यांस मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी अधिक प्यावे. ज्यांची मूत्रपिंडे अगोदरच दुबळी झाली आहेत त्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या ताटातील लोणचे व पापड यांचाही त्या हिशेबात समावेश करावा. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून चालू ठेवू नयेत. रक्तदाब व रक्तातील साखर ताब्यात ठेवावी.

रामनवमीच्या रात्री उत्सवाचा मांडव रिकामा होतो; श्रोता घरी जाऊन झोपतो आणि हमालही झोपतो. दोघांच्या पाठीशी दोन लहान पिंड काम करीत असतात : एकाकडचे जादा पाणी बाहेर सोडीत, दुसऱ्याकडचा थेंब अन् थेंब सांभाळीत. थकल्याची तक्रार ती स्वतः करणार नाहीत. म्हणून त्यांची चौकशी आपणच वर्षातून एकदा करावयास हवी.